बारा आणि वीस

सातवीत असताना घरात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं, म्हणून मजुरांची वही माझ्याकडे आली. १९९१ सालची गोष्ट. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव, तीन एकर रान, त्यातली दीड एकर द्राक्षबाग. रविवारी बाजार असायचा, त्यामुळे पगार शनिवारी संध्याकाळी. वडील वही स्वतः लिहीत तेव्हा त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे, आणि दर शनिवारी ओसरीवर वादावादी व्हायची. एका शनिवारी त्यांनी ती लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही माझ्यापुढे टाकली. "आजपासनं तू लिही. रेघा मारून लिही."

मी पट्टीनं रेघा मारल्या. डावीकडे नाव, मग सोमवार ते शनिवार सहा रकाने, शेवटी एकूण. नावाच्या आधी बारीक अक्षरात 'बा.' नाहीतर 'ग.'. बा. म्हणजे बाई, ग. म्हणजे गडी. बा. असेल तर रोजाला १२ रुपये, ग. असेल तर २०. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सहा दिवस भरले की बाईचे ७२, गड्याचे १२०. हे दोन आकडे मी इतक्यांदा लिहिले की पाढ्यातल्यासारखे तोंडात बसले.

पुढे हिशेबाच्याच नोकरीत पडले तेव्हा कळलं, समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता. म्हणजे मी वही हातात घेतली तेव्हा त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. माझ्या वळणदार अक्षरातली ती वही म्हणजे आमच्या घराचा लेखी कबुलीजबाब होता, खाली सगळ्यांचे अंगठे घेतलेला.

समान काम कुठं होतं, असं वडील म्हणाले असते. गावात अजून म्हणतात. गडी पाटी उचलतो, पंप पाठीवर घेतो, छाटणी करतो. बाईचं काम हलकं.

हलकं काम कसं असतं ते सांगते. फळछाटणी ऑक्टोबरात झाली की दिवाळीनंतर घड सुटायला लागतात आणि विरळणी निघते. घडात मणी दाटीवाटीनं येतात. ते तसेच ठेवले तर बारीक राहतात, एकमेकांत दाबून फुटतात. म्हणून प्रत्येक घडातले नको ते मणी काढून टाकायचे, पण घडाचा आकार मोडायचा नाही. कुठला मणी काढायचा आणि कुठला ठेवायचा हे बोटांनी ठरवायचं, कारण डोळ्यांनी ठरवत बसलं तर दिवसात एक ओळ होत नाही. मांडव डोक्याच्या वर, म्हणजे दोन्ही हात दिवसभर वर आणि मान मागे. वरून फवारणीची भुकटी डोळ्यांत पडते. मग डिपिंग. मगात जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाचं, पाणी घ्यायचं आणि एकेक घड त्यात बुडवायचा, एकही सोडायचा नाही. सोडला तर महिन्याभरानं तो बारका घड मांडवातून मालकाकडे बघत राहतो आणि मग मालक बाईकडे बघतो. संध्याकाळी या बायकांना पदर डोक्यावर घ्यायला हात वर जात नसे. त्या वाकून, मान खाली घालून पदर घ्यायच्या. मी लहानपणी समजायचे, माझ्या वडिलांना लाजतात.

द्राक्षाचा भाव मण्याच्या आकारावर ठरतो आणि मण्याचा आकार या बोटांवर. तरी काम हलकं, आणि काम हलकं म्हणून बारा.

वडिलांचा दुसरा मुद्दा मात्र खरा होता, तो खोडून काढायला मला बरीच वर्षं लागली. गडी आठला येतात, बायका दहाला. हो, येतच होत्या दहाला. आता मी पगारपत्रकंच करते, तर तोही हिशेब एकदा मांडून बघितला. गडी आठ ते पाच, मध्ये तासभर सुट्टी, म्हणजे आठ तास. वीस भागिले आठ, तासाला अडीच रुपये. बायका दहा ते साडेपाच, भाकरी खायला अर्धा तास, म्हणजे सात तास. सात गुणिले अडीच, साडेसतरा. बारा नव्हे. मधले साडेपाच रुपये कुठल्या कामाचे कापले, ते त्या वहीत कुठेच लिहिलेलं नाही.

आणि त्या दहाला का येत होत्या? वरच्या आळीची एक मावशी आमच्याकडे कायम कामाला असायची. तिला मी एकदा हेच विचारलं होतं, वडिलांच्या तोऱ्यात. ती म्हणाली, "गडी आठला येतो, त्येच्या हातात भाकरी कोण देतंय बाय? ती आदी थापायची, मग आमी यायचं." पाचला उठून पाणी, शेण, चूल, पोरांची अंघोळ, दोन माणसांच्या भाकऱ्या. गड्याचे आठ तास उभे राहत होते ते बाईच्या सकाळच्या त्या तासांवर. तिचे दोन तास मात्र तिच्या पगारातून जात होते.

२०१९ साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसातली किती मिनिटं कशाला देतात, याची. त्यात घरच्या बिनपगारी कामाला हे काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि असं काम करणारे पुरुष ९७, असं निघालं. पाच तासांना एक मिनिट कमी. बातमी वाचली तेव्हा मला मावशीच्या हातावरचं पीठ आठवलं.

पण मला खरं सांगायचंय ते आईबद्दल.

आई रोज बागेत असायची. बायका यायच्या आधी आणि गेल्यावरसुद्धा. विरळणीत तिची ओळ सगळ्यांत पुढे असायची, कारण मालकीण मागे राहिली की बायका रेंगाळतात, हा शेतीतला जुना नियम. वहीत तिचं नाव नव्हतं. एका शनिवारी मी यादी करताना शेवटी लिहिलं, 'बा.', पुढं आईचं नाव, सहा रकान्यांत सहा खुणा, एकूण ७२. मला खोडी करायची नव्हती. ती कामाला होती, मी हजेरी लिहिली. वडिलांनी वाचलं आणि मोठ्यानं हसले. ओसरीवरचे सगळे हसले. आई दारात चहाचं ताट घेऊन उभी होती, तीही हसली. "अगं, तिला कुठला पगार," वडील म्हणाले, "मालकीण हाय ती." आणि पेनानं त्यांनी ती ओळ खोडली. माझ्या एवढ्या नीटनेटक्या पानावर एक आडवी रेघ राहिली, त्याचंच मला त्या दिवशी जास्त वाईट वाटलं होतं.

त्या मालकिणीचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. तिच्या नावावर काय होतं म्हणाल तर दोन शेळ्या, सात-आठ कोंबड्या आणि म्हशीच्या दुधातलं रतिबाचं अर्धा लिटर. त्या दुधाचा हिशेब ती स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशानं लिहायची. रोज एक रेघ, पाच झाल्या की आडवी. तिला लिहिता-वाचता येत होतं, चौथी शिकली होती. पण वही ही वडिलांची गोष्ट होती आणि भिंत तिची.

आमच्या वडिलांना खलपुरुष करून लेख लिहिणं मला सोपं जाईल, पण ते तसे नव्हते. ते शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून फिरलेले. शेतमालाला उत्पादनखर्चावर भाव मिळाला पाहिजे, यावर तासन्‌तास बोलायचे. याच संघटनेनं १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं होतं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्यानं आपल्या रानाचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि ज्या गावातली शंभर घरं असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. पुष्कळ गावांनी ते केलं. सभेत नव्हे, तलाठ्यापुढे जाऊन केलं. बिल्ला लावणाऱ्या आमच्या वडिलांनी केलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, सगळं तिचंच तर आहे. उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी धरायची, हे मात्र ते प्रत्येक सभेत सांगत. ती मजुरी कुणाच्या हातात द्यायची, तो प्रश्न सभेत निघत नसे.

आजी वडिलांची आई. तिला या सगळ्यावर काही म्हणायचं असे, पण ती वेगळ्याच वाटेनं म्हणायची. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातल्या बायका, तोवर कधी दुसऱ्याच्या बांधाला न गेलेल्या, खडी फोडायला गेल्या. लाज झाकायला तोंडावर पदर ओढून. सुकडी मिळायची, ती पोरांना आणायची. आजी सांगायची, "मुकादम ढीग मोजायचा. ढिगाला कुठं बाई-गडी असतंय?" तिनं आजोबांपेक्षा जास्त खडी फोडली होती, हे ती आजोबा गेल्यावरसुद्धा विसरली नाही.

रोजगार हमीची कल्पना आमच्याच तालुक्यातली. ती मांडणारे वि. स. पागे विसापूरचे. १९६० च्या दशकात पहिला प्रयोग तिथंच झाला, पुढे १९७७ साली राज्याचा कायदा झाला. दर कामाच्या मापावर, बाईला आणि गड्याला एकच. सरकारी रस्त्यावर एकच दर आणि रस्ता उतरून आमच्या बागेत आलं की बारा आणि वीस. मधे फक्त एक चर होती. हमीचं काम निघालं की बायका शेताला मिळत नाहीत, म्हणून बागायतदार कुरकुरायचे, हे मी लहानपणी ऐकलंय. तीच कुरकुर हल्ली पुन्हा ऐकते. त्याकडे येतेच.

वडील २०१२ साली गेले. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं. सत्तावन्नाव्या वर्षी ती कागदावर मालकीण झाली, आणि त्यासाठी तिला विधवा व्हावं लागलं. आपल्याकडे पुष्कळ बायकांच्या नावावर जमीन येते ती अशीच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बायका चौदाही पुऱ्या भरत नाहीत, त्यांतल्या किती जणींच्या कपाळावर कुंकू असेल, असं मला नेहमी वाटतं.

त्या नोंदीत आमचीही नावं लागली. मी, थोरली ताई आणि धाकटा भाऊ. कायद्याची गंमत अशी की महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क दिला, पण जूनमध्ये कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ताईचं लग्न १९९३ चं, माझं २००३ चं. एका ताटात जेवलेल्या दोघी, पण मी हक्कदार आणि ती नाही. पुढे सप्टेंबर २००५ मध्ये केंद्राचा कायदा बदलला आणि लग्नाची ती अट गेली. त्यानंतर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलीसुरली शंकाही मिटवली. म्हणजे माझ्या हयातीत, माझ्यासाठी, एवढे सगळे लोक झटले.

आणि मी काय केलं? हक्कसोड.

वर्षश्राद्धाच्या आधी भावानं फोन केला. कर्ज काढायचंय, नावं जास्त असली की सगळ्यांच्या सह्या लागतात, तुम्ही दोघी एकदा येऊन जा. त्याचं खोटं नव्हतं. आदल्या साली गारपिटीनं बाग झोपली होती, कर्ज त्याच्या डोक्यावर होतं, आई त्याच्याकडे होती. आम्ही दोघी तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात गेलो. दोनशे रुपयांचा मुद्रांक, आत छापील मजकूर, 'राजीखुशीने व कोणताही मोबदला न घेता'. कॅमेऱ्यापुढे बसून फोटो, यंत्रावर अंगठा. साहेबांनी विचारलं, "वाचलंय ना? राजीखुशीनं?" आम्ही दोघींनी एकदम मान हलवली, वर्गात हलवतात तशी. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. आम्ही चौघं. ढोबळ हिशेबानं माझे तीस गुंठे, द्राक्षबागेच्या भावानं. बाहेर आल्यावर भावानं आम्हाला दुकानात नेऊन साड्या घेतल्या. माझी अबोली रंगाची, अठराशेची. अजून आहे. चांगली साडी आहे, धुवून रंग गेला नाही.

का केली सही, असं नवऱ्यानं विचारलं नाही, मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं, माहेर राहिलं पाहिजे ना. भावाला मात्र स्वतःच्या वाट्याचे गुंठे ठेवून माहेर ठेवता येतं, आम्हाला ते तीस गुंठे देऊन विकत घ्यावं लागतं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. असली वाक्यं दहा वर्षांनी, भांडी घासताना सुचतात.

माझ्या नोकरीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात नवल काही नाही. शनिवारच्या वहीची आता महिनाअखेरची एक्सेल झाली. पुण्यातल्या एका कंपनीत मी सगळ्यांचे पगार काढते, त्यामुळे माझ्याबरोबर लागलेल्या, माझंच काम करणाऱ्या माणसाला माझ्यापेक्षा किती जास्त मिळतं ते माझ्या डोळ्यांसमोरच असतं. साहेबांकडे गेले तर म्हणाले, "तुमचे मिस्टर कमावतात ना? त्याला घर चालवायचंय." बा. आणि ग. पुण्यात फक्त तसं लिहीत नाहीत.

कधीकधी वाटतं, निदान आमच्या बागेतल्या बायकांच्या हातात त्यांचे बारा रुपये पडत तरी होते. हिवाळ्यात गावाच्या कडेला बीडकडच्या ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. तिथं हिशेबाचं एककच 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाआधीच नवऱ्याच्या हातात पडलेली असते, बाई नुसती फेडते. एक दिवस चुकला तर खाडा, त्याचे पैसे वळते. पाळीच्या दिवसांचे खाडे नकोत म्हणून गर्भाशयच काढून टाकणाऱ्या बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, चौकशी समिती नेमली गेली. मोळी बाईच बांधते, डोक्यावर बाईच घेते, ट्रॉलीच्या फळीवरून चढून वर बाईच जाते. आणि हिशेबात ती अर्ध्या कोयत्याची.

परवा जानेवारीत गावी गेले होते, मालतोडणी चालू असताना. मावशी भेटली, थकली आहे, तरी येते. पासष्टच्या आत बसली म्हणून लाडक्या बहिणीचे दीड हजार तिला २०२४ पासून मिळतात. शेजारच्या बागायतदारांची कुरकुर तीच, बायका आता कामाला येईनात, सरकारनं सवय लावली. मावशीनं कमरेची पिशवी सोडून पासबुक दाखवलं. "माज्या नावाचं," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचं खातं. मात्र बँकेचा मेसेज येतो तो मुलाच्या मोबाईलवर, आणि पैसे आले की नाही ते तो सांगेल तेव्हा कळतं. तिनं मला हळूच विचारलं, "तुज्या फोनात बगता येतंय का, आलं का न्हाई?" माझ्या फोनात बघता येत नव्हतं.

ओसरीवर भाचा पगार वाटत होता. आता वही नाही, मोबाईलमध्ये तक्ता आहे, गड्यांना फोन-पेवर पैसे जातात, बायकांना रोख. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. नावापुढं इंग्रजी एल किंवा जी. लेडीज आणि जेंट्स. एलला ३००, जीला ५००.

मला कॅल्क्युलेटर लागला नाही. बारा भागिले वीस आणि तीनशे भागिले पाचशे, उत्तर एकच. चौतीस वर्षं झाली. द्राक्षाचं वाण बदललं, ठिबक आलं, शेडनेट आलं, माल परदेशात जातो. साठ टक्के होते ते साठच आहेत, एक पैसा इकडे नाही की तिकडे.

आई आता सत्तरीची आहे. तोडणी झाली की खाली पडलेले मणी गोळा करायला ती अजून बागेत जाते, बेदाण्याला चालतात म्हणून. भाच्याच्या तक्त्यात ती नाही. रात्री आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. मी तिला विचारलं, "मी वहीत तुझं नाव लिहिलेलं आठवतंय का गं?"

"न आटवायला काय झालं," ती म्हणाली. "सगळी हसली हुती."

"तूपण हसलीस."

"मग काय करू?" ती लसूण सोलत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "दुसऱ्या दिवसापासनं मी रेगा मारल्या. दाराच्या मागं, दुदाच्या रेगांच्या खाली. रानात गेले की एक."

मी तिच्याकडे बघत राहिले. त्या दाराच्या मागे मी रोज पाण्याचा तांब्या ठेवायचे. त्या रेघा मला दुधाच्याच वाटायच्या.

"किती झाल्या?"

"दोनशे अकरा," आई म्हणाली. "मग दिवाळी आली. तुज्या बापानं भिंतीला चुना मारला. चुना मीच कालवून दिला हुता."